संगम रस्त्यावरच्या फुलरानाची व्यवस्था

मी, रेवणसिद्धप्पा गुरप्पा हूगार, वय ५३, राहणार गाणगापूर, जिल्हा गुलबर्गा, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो ऐसा जे: जानेवारीत माझ्या छातीत कळ आली. डोके शाबूत आहे. मी खाटेवर असताना धाकटा भाऊ हावगेप्पा टेप घेऊन माझे रान मोजून गेला. तिथे त्याला यात्रेकरूंसाठी लॉज बांधायचे आहे. मला मूलबाळ नाही, म्हणून त्याने घाई केली. मीही करतो.

१. राहते घर व पोस्टातील रक्कम पत्नी बसम्मा हिला.

२. भिंतीवरचे जुने कॅलेंडर. एका सोलापूरकर भक्ताने ते धर्मशाळेत टाकून दिले होते. एप्रिलच्या पानावर हॉलंडमधील लिस्से हे गाव आहे. तेथे वसंतात बसगाड्या भरून लोक फुले पाहायला येतात आणि हात न लावता परत जातात. मग शेतकरी फुलांची मुंडकी छाटून टाकतात, कारण विकायचा तो कंद, आणि फूल छाटले की तो पोसतो. हे मी गुलबर्ग्याच्या वाचनालयात बसून स्वतः वाचून काढले. शिकवायला कुणी नव्हते. कॅलेंडर जागेवर राहू द्यावे. पान उलटू नये.

३. कातर आमच्या मठाच्या शिवय्या स्वामींस. मी गुलछडीची फुले छाटून बांधावर टाकू लागलो तेव्हा ते भर रस्त्यात म्हणाले, "देवाला फुलं पुरवणाऱ्या घरात जन्मलास, अन् मुंडकी उडवायलास? कामून रे?" मी लिस्से समजावून सांगितले. पटले नाही. कातर दाढीला चालेल.

४. रानातील बाक, आणि "फुले पाहा, तोडू नका" ही कन्नड, मराठी व उर्दू पाटी. बाकावर यात्रेकरू भाकरी खातात. लातूरकडच्या एका बाईने ओटीभर फुले तोडली. पाटी दाखवली तर म्हणाली, "नुसतं बघायचं? मग देवाला काय फोटू वाहू?" पाटी ज्याला हवी त्याने न्यावी. शुद्धलेखन निर्दोष आहे.

५. मुख्य बाब. संगम रस्त्यावरील दोन एकर, स्वकष्टार्जित. माझ्या कंदांना गिऱ्हाईक मिळायला काही वर्षे गेली. त्या काळात बांधावर टाकलेली फुले सकाळीच नाहीशी होत, आणि देवळाच्या दारात बसम्मापाशी गुलछडीचे हार असत. घर कशावर चालले याचा मी तपास केलेला नाही. हे रान पूर्ण मालकीहक्काने बसम्माचे. हावगेप्पाचा त्यात काडीचा हक्क नाही.

६. आमच्या लिंगायत रीतीने मला बसवून पुरावे, ते याच रानात. हावगेप्पाच्या लॉजच्या नकाशात जिथे संडास आहे, बरोबर तिथे.

हे वाचून दाखवले तेव्हा बसम्मा म्हणाली, "रान माझ्या नावावर करायलाव, अन् मेल्यावर बी मधीच बसून राखण करताव व्हय? बांधाला बसा. अन् मी मुंडकी उडवणार न्हाई."

"कंद बारीक राहतील."

"ऱ्हाऊ द्या."

सबब कलम ६ दुरुस्त: मला बांधाला बसवावे. कंद बारीक राहिल्यास लिहून देणार जबाबदार नाही.

गाणगापूर, दि. ९ मार्च १९८८
(सही) रे. गु. हूगार

साक्षीदार:

१. उद्धवराव, किराणा दुकानदार. (सही)

२. हावगेप्पा गुरप्पा हूगार. यास काहीच दिलेले नाही, म्हणून साक्षीला योग्य. (सही) सहीखाली त्याच्याच अक्षरात: "वाचलं. लॉजचं वैनीला विचारून बघतो."