दात ओळखा, पुढे जा

४ जून
डीननी अखेर मान्य केलं. डेंटलच्या पहिल्या वर्षाला दातांची ओळख स्क्रीनवर शिकवायची, मॉड्यूल मी करायचं. जमलं तर नवा डिजिटल विभाग. त्याचा प्रमुख कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.
विरोध एकट्या बाईंचा, आजवर हा विषय शिकवणाऱ्या. बाई वर्षानुवर्षं एका कापडी पिशवीत उपटलेले दात घालून आणतात. विद्यार्थ्याने न बघता हात घालायचा, चाचपायचं आणि सांगायचं: वरचा की खालचा, डावा की उजवा. आम्ही लहानपणी असले खेळ खेळायचो. त्याला सुट्टी म्हणायचो.
वर्गाचे दोन भाग केले. अर्धी मुलं माझी, अर्धी पिशवीची. सप्टेंबरात दोघांची एकच परीक्षा. बिचारी पिशवी.

५ जून
संकल्प: रोज एक दात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोकळा.

१७ जून
एक दात झाला. दोष अ‍ॅनिमेटरचा. विचारतो, सर, खालच्या दाढेला मुळं दोन की तीन? म्हटलं, तू आधी रंग ठरव. अशा माणसांबरोबर काम करायचं.

२ जुलै
दाढ फिरते! क्लिक केलं की चमकते. उत्तर बरोबर आलं की टाळ्या. अ‍ॅनिमेटरने आणलेल्या टाळ्या पत्र्यावर गारा पडल्यासारख्या. आठवडा त्यातच गेला. शेवटी मी स्वतः वाजवून रेकॉर्ड केल्या. फार मनापासून आल्या.
संकल्पात बदल: उजवीकडचे दात पुरेत. डावे म्हणजे तेच, उलटे करून.

२० जुलै, रविवार
मॉड्यूल घरी तपासलं. बायकोचा दातांशी संबंध ब्रशपुरता. तरी बहिणीशी फोनवर बोलता बोलता तिने सगळी चाचणी सोडवली. पैकीच्या पैकी. मला भरून आलं.
म्हणाली, अहो, त्यात काय एवढं? माउसचा बाण दातांवरून फिरवत न्यायचा. बरोबर दात आला की बाणाचा हात होतो. मग दाबायचं.
तिला समजावलं की यालाच सहज शिकणं म्हणतात. म्हणाली, असेल हो, आणि पुन्हा बहिणीकडे वळली. घरात कदर नाही ती नाहीच.

११ ऑगस्ट
लॅबमधून पहिले निकाल. माझ्या प्रत्येक मुलाला पैकीच्या पैकी. मागच्या बाकावरच्या झोपाळूलासुद्धा. त्याने संपूर्ण चाचणी जेवढ्या वेळात संपवली तेवढ्यात माझा चष्मा पुसून होत नाही.
बाईंची मुलं अजून चुकतात.
बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, सर, तुमच्या मुलांना एकदा खरा दात हातात घेऊ द्या की. म्हटलं, बाई, विमान आल्यावर बैलगाडी हाकून बघायची नसते. म्हणाल्या, उतरायला शिकवलंय ना विमानाला?
मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो.

२८ ऑगस्ट
विभागाच्या पाटीचा विचार. नाव वर की हुद्दा वर? नाव.
संकल्प: प्रमुख झाल्यावर बाईंशी नीट वागायचं. पिशवी काचेच्या कपाटात ठेवू. खाली चार ओळी मी लिहीन.

१२ सप्टेंबर, सकाळी
आज परीक्षा. पिशवी नाही, न्याय आहे. टेबलावर खरे दात ओळीने मांडणार. एकेका दाताचं नाव सांगितलं की मुलांनी तो उचलून दाखवायचा. नवा शर्ट. भाषणाचा कागद खिशात.

१२ सप्टेंबर, संध्याकाळी
बाईंची मुलं आधी. उचलत होती, बोटांत फिरवत होती, दाखवत होती. दोघं चुकली. मी ते मोठ्याने म्हटलंही.
मग माझी. पहिल्या मुलीला वरचा उजवा सुळा मागितला. तिने ओळीवरून बोट सावकाश नेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग परत. काहीच होईना. दुसऱ्याचं तेच. झोपाळूने एका दातावर दोनदा टिचकी मारली आणि वाट पाहिली.
पुढे कोणाला बोलवायची गरज पडली नाही.
मी डीनना म्हटलं, दोष दातांचा आहे. झिजलेले, पिवळे, किडके. माझ्या मॉड्यूलमधले दात असे नाहीत. डीन म्हणाले, सर, पेशंटचे असेच असतात. म्हटलं, विभागाचा निर्णय निदान आज घेऊ नका. ही पद्धत समजायला शिक्षकच तयार हवा.
डीननी मान हलवली. टेबलावरची एक दाढ उचलली, माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, बरोबर. मग ही तुम्हीच सांगा.
मी ती फिरवली. उलटी केली. खिडकीपाशी नेली. सगळी मुलं बघत होती. माझीही.
मी म्हणालो, पर्याय द्या.