अकराव्या प्रकरणातली आई

ओनोमिची, ऑक्टोबर

प्रिय फुयुमी,

सोबतचं पुस्तक आधी हातात घे, उलटसुलट करून बघ आणि मग पुढे वाच. मुखपृष्ठाच्या निळ्या रंगासाठी मी छापखान्यात चार हेलपाटे घातले. छापखान्याचा तेरादा शेवटी वैतागला. म्हणाला, "आजोबा, डब्यांच्या झाकणांनासुद्धा एवढा रंग शोधायचात का?" म्हटलं, "डब्यात माझ्या बायकोच्या हातचं असायचं. झाकण बघतो कोण?" दोनशे प्रती आल्या. चाळीस वर्षं गावभर जेवणाचे डबे पोचवणारा तुझा बाप त्र्याहत्तराव्या वर्षी कादंबरीकार झालाय. खोटं कशाला बोलू, छाती फुगली आहे.

प्रती मी स्वतःच पोचवतो. सायकल खाली लावायची आणि पायऱ्या चढायच्या, डब्यांच्या वेळी चढायचो तशाच. आता मध्ये दोनदा बसावं लागतं, एवढाच फरक. देवळातल्या भटजींनी दोन दिवसांत वाचून चाळिसाव्या पानावरची छपाईची चूक काढून दाखवली. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकं आपली पाळी दुसऱ्याला देऊन वाचत बसतात म्हणे. न्हावी मला शिव्या घालतोय, आणि मला त्या गोड लागतात.

पण हे पुस्तक आधी नापास झालं होतं. तू दिवसभर लोकांची हस्तलिखितं वाचतेस, तुला हे नवं नाही. मी कादंबरी एका स्पर्धेला पाठवली होती. पहिल्या फेरीत निवडली गेली, दुसरीत गळाली. पत्रासोबत वाचकांच्या अभिप्रायाचा कागद आला. दोघांनी बरं लिहिलं होतं. तिसऱ्याने लिहिलं होतं, 'ही बाई तीनशे पानं दुसऱ्यांचे डबे भरते. ती स्वतः कधी जेवते? लेखकाने तिला देव्हाऱ्यात बसवलंय. तिला भूक लागू द्या.' माझं डोकंच फिरलं. तो कागद मी खणात कोंबला आणि आठ दिवस तो खण उघडला नाही. राग ओसरल्यावर कळलं की राग येण्याचं कारण वेगळंच होतं. उत्तर मला माहीत नव्हतं, आणि विचारायला तुझी आई आता नाही.

म्हणून आपल्या दुकानात भात लावायच्या त्या हिसाएबाईंकडे गेलो. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "मालक, आता सांगायला हरकत नाही. तुम्ही दुपारी डबे घेऊन निघालात की मालकीणबाई स्टेशनसमोरच्या दुकानातून डबा मागवायच्या." फुयुमी, स्टेशनसमोरचं म्हणजे आपल्या हाडवैऱ्याचं दुकान! मागच्या दारी उलट्या खोक्यावर बसून तुझी आई तो डबा चाटूनपुसून खायची आणि घासागणिक नावं ठेवायची. "लोणचं खारट, मासा शिळा, भात बरा करतो मेला." आणि वर, "यांना सांगू नका हं, उगाच तोंड पाडून बसतील." मी त्यांच्या स्वयंपाकघरात हसत हसत रडलो. त्या दिवसापर्यंत माझ्या कादंबरीत एक पुण्यवान बाई होती. आता तिथे तुझी आई आहे, माझी सुमिए. प्रकरण अकरा, ते संपूर्ण नवं आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते. रविवारी फोनवर तू चिडलीस. "बाबा, कुठल्या गाढवाने नाकारली तुमची कादंबरी? नाव सांगा, मी बघते त्याच्याकडे." मी विषय बदलला. ती स्पर्धा तुमच्याच प्रकाशनाची होती, पोरी. लेकीच्या ओळखीने निवडली असं कुणी म्हणू नये म्हणून टोपणनाव घेतलं, गोष्टीतली गावं-नावं बदलली आणि पत्ता हिसाएबाईंचा दिला. नियमात बसत नसेल तर चूक माझी. अभिप्रायावर वाचकाचं नाव नव्हतं, पण ते वाक्य मी ओळखलं. सात वर्षांची असताना जेवायला बसलीस की तू हेच विचारायचीस, "बाबा, आई कधी जेवते?" आणि मी म्हणायचो, "तू खा गुपचूप." कुणाचं लिखाण आहे हे ठाऊक नसताना तीनशे पानांत तू तिचं ताट शोधलंस. वाईट वाटून घेऊ नकोस. दोनशे प्रतींचा अभिमान एकीकडे आणि त्या तीन ओळींचा एकीकडे. तेव्हा तुला गप्प केलं होतं, म्हणून उत्तर आता छापून पाठवतोय.

तुझाच,
बाबा