ट्रक चालवायचं यंत्र आणि तुमचे सल्ले

सर्वज्ञ भावजींना वहिनीचा कोपरापासून नमस्कार. पित्त कसं आहे? (दुसऱ्यांना सल्ले द्यायचं कमी केलंत तर तेही कमी होईल. मी डॉक्टर नाही, पण कॉम्प्युटरचे तज्ज्ञ तरी तुम्ही कुठे होतात?) मी ठणठणीत आहे, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हळूच सांगते.

तर विषय ट्रकचा. तुमच्या दादांनी सव्वीस वर्षं ट्रक चालवला आणि मी बाजूला बसून पाण्याची बाटली दिली, डुलकी आली की चिमटा काढला, रस्ता चुकला की गप्प बसले. स्टेअरिंगला बोट लावू दिलं नाही. ते गेले, ट्रक विकला. मग जावयाकडे कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा खेळ पाहिला, तासभर चालवला आणि ठरवलं, आता उरलेलं आयुष्य आपण ड्रायव्हर. पैसे मात्र एकदाच घेता येईल एवढेच होते; चुकीचं यंत्र घेतलं की स्टेअरिंग पुन्हा गेलं. तुम्हाला सांगितलं तर आधी पोट धरून हसलात ("वहिनी आणि ट्रक!" असं दोनदा म्हणालात, मी मोजलंय) आणि मग स्वतःच पुढे होऊन दुकानात आलात.

दुकानदार सगळं तुमच्याशीच बोलला. यंत्र माझं, पैसे माझे, मला मात्र एवढंच, "मावशी, बसा." त्याने रॅम आठ आहे म्हणून सांगितलं, तर तुम्ही अशी मान हलवलीत जणू तुमच्याच हाताने आत बसवली होती. नवाकोरा, चपटा, स्वस्तातला लॅपटॉप. म्हणे यात सगळं चालतं. चालतं खरं. हिशेब चालतो, फोटो चालतात, फक्त ट्रक चालत नाही. चित्र इतकं अडखळायचं की पूल दिसेपर्यंत ट्रक नदीत! आणि बूड इतकं तापायचं की उशीच्या अभ्र्यांना इस्त्री झाली असती. नशीब, चार दिवसांत परत घ्यायची बोली मी केली होती. (तुम्ही तेव्हा पंख्याखाली उभे राहून फोन बघत होतात.) मग तुमचा दुसरा सल्ला, हातात धरून खेळायचं यंत्र. दिसायला गोजिरवाणं, किंमत तशी नाही. त्यात ट्रक मुंगीएवढा आणि पाट्यांवरची अक्षरं मुंगीच्या पिल्लांएवढी. दोन चष्मे एकावर एक चढवून दुकानात पाच मिनिटं चालवला, तीन दिव्याचे खांब पाडले.

शेवटी तुम्हाला न कळवता एकटीच गेले. जिन्याखाली एक दुरुस्तीवाला बसतो, ऑफिसांनी काढून टाकलेले डेस्कटॉप विकतो. मला त्यातलं काय कळतं? पण जुनी गाडी कशी घ्यायची ते सव्वीस वर्षं ऐकलंय. आधी हात लावला. गरम! म्हणजे मी यायच्या आधीच चालू करून ठेवलेला. म्हटलं, बंद कर, थंड होऊ दे, मग माझ्यासमोर सुरू कर. पंख्याला कान लावला, तर घरघर. म्हटलं, बदल. झाकण उघडायला लावलं. आत धूळ इतकी की पेरणी झाली असती. खेळाची चित्रं झरझर दिसायला वेगळं कार्ड लागतं, ते जुनंच बसवून घेतलं आणि तिथेच अर्धा तास माझा ट्रक घाटात चढवून बघितला. दुरुस्तीवाला घाम पुसत म्हणाला, "आजी, गॅरेज होतं का तुमचं?" तुमच्या लॅपटॉपपेक्षा बरंच स्वस्तात काम झालं. पडदा म्हणून घरचाच टीव्ही. काल चारशे किलोमीटर सिमेंट पोचवलं, एक ओरखडा नाही.

कळावे. लोभ कमी झाला तरी चालेल, सल्ले मात्र कमी व्हावेत.

तुमची,
ड्रायव्हर वहिनी

ता. क. रिव्हर्स मात्र जमत नाही. ट्रेलर डावीकडे न्यावा तर उजवीकडे जातो, अगदी तुमच्यासारखा. रविवारी येऊन शिकवा, म्हणूनच हा पत्राचा घाट.

ता. क. २. नका येऊ. तुमच्या कारभारणीने शिकवलं. ती मंगळवारी गुडघ्याच्या व्यायामाला म्हणून निघते ना, ती माझ्याकडे येते. बावीस चाकी ट्रेलर एका दमात गोदामाला लावते. तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातलीय तिने मला. हे पत्रही तीच घेऊन येतेय, आत काय लिहिलंय ते तिला ठाऊक नाही. तेव्हा भावजी, एवढीच विनंती: वाचून झालं की तोंड सरळ ठेवा, पत्राची नीट घडी घाला आणि फक्त "गुडघा कसा आहे?" एवढंच विचारा.