पान सत्तेचाळीस

१२ जाने., सोमवार
सकाळी दंतवैद्यांचं रील, चौथ्यांदा. कॅमेरा दिसला की डॉक्टर स्वतःच तोंड उघडत नाहीत. दुपारभर देवरे सरांचा गौरवग्रंथ. सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त, ८ फेब्रुवारीला पंच्याहत्तरीचा सत्कार. काम त्यांच्या मुलाने दिलंय, नितीनभाऊंनी. त्यांच्या क्लासेसची वर्षभराची जाहिरातही आपल्याकडेच येईल म्हणाले. येऊ दे बाई एकदाची.
बत्तीस लेख हवेत, आलेत अकरा. बाकीच्यांचं नेहमीचंच: मॅडम, तुम्हीच लिहा, खाली आमचं नाव टाका. फोनवर दहा मिनिटं माहिती घ्यायची, पानभर लिहायचं, व्हॉट्सॲपवर पाठवायचं, ‘खूप छान’ आलं की पुढचा माणूस. आज चार जणांचा कंठ दाटून आणला. त्यांना अजून पत्ता नाही.

१६ जाने., शुक्र.
फक्त वामन भोये राहिलेत. पेठकडच्या आश्रमशाळेत सरांबरोबर शिक्षक होते. नितीनभाऊ म्हणाले, एके काळी दोघं एका ताटात जेवायचे, मग भोये सरांनी कशावरून तरी रागाने बोलणं टाकलं. तीसेक वर्षं झाली. त्यांचा फोन लागत नाही. एकदा नातीने उचलला, आजोबा रानात गेलेत म्हणाली.
सोमवारी फाइल छपाईला द्यायची. ओंकार (भागीदार, मांडणी त्याची) म्हणाला, ते पान काढून टाकू. मी नको म्हटलं. अशा पुस्तकात एक रुसलेला मित्र असला की वाचणारा थांबतो. लिहिलं, चाळीस मिनिटांत. शेवटी: ‘चूक माझी होती. रागात इतकी वर्षं वाया घालवली. जमलं तर माफ कर.’
ओं.ने वाचून विचारलं, त्यांना दाखवलंस का. दाखवते म्हटलं.
नाही दाखवलं.

१९ जाने., सोम.
सरांनी प्रूफ मागवून घेतलं होतं. स्वतःचं कौतुकही तपासल्याशिवाय छापू देणार नाहीत. परत आलं ते लालेलाल. संस्थेच्या अध्यक्षांच्या लेखात तर लिहिण्यापेक्षा खुणाच जास्त. पान ४७, भोये, एकदम कोरं. त्यात दोन चुका आहेत, मलाच दिसल्या.
अकरा वाजता सरांचा फोन. आवाज ओळखू येईना. “पोरी, वामन स्टेजवर माझ्या शेजारी बसंल. त्याला आणायचं तू बघ.”
हो सर म्हटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, जीभ उचलली नाही. म्हाताऱ्या माणसाचा आनंद कशाला घालवा, वगैरे. खरं तर माझी फजिती मला नको होती.
फाइल गेली. मीच पाठवली.

२४ जाने., शनि.
पेठला जाऊन आले. स्कूटरवर, घाटात थंडीने बोटं वाकेनात. भोये सर अंगणात वाळत घातलेली नागली राखत बसले होते. छापलेलं पान हातात दिलं. दोनदा वाचलं.
“हे कुणी लिहिलं?”
मी, म्हटलं.
“माफी मी मागितली?”
रागावून नाही, खरंच कळत नसल्यासारखं विचारलं. मग सांगितलं, हळूहळू, नागलीवरची कोंबडी हाकत. शाळेतल्या एका मुलीला ताप चढला. देवरे सर तेव्हा प्रभारी मुख्याध्यापक. यांना म्हणाले, तू तिला घेऊन नाशिकला जा, मी बघून घेतो. हे रजेचा अर्ज न लिहिता तसेच निघाले. त्याच दिवशी तपासणीला साहेब आला. सरांनी घाबरून हजेरीपटावर ‘विनापरवानगी गैरहजर’ लिहिलं. यांची बदली थेट सुरगाण्याच्या टोकाला. घरी बायको बाळंतीण होती. सर भेटायला आले नाहीत, चिठ्ठी नाही. “मी बोलणं नाय टाकलं. तोच आला नाय.”
आणि माफी मी यांच्या तोंडी घातली.
जेवायला बसवलं. भाकरी, उडदाचं पिठलं. मी नुसते तुकडे मोडत होते, तर वर अजून वाढलं. निघताना विचारलं, पुस्तक छापून झालं का. झालं, म्हटलं.
“मग झालं.”
चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२७ जाने., मंगळ.
पान काढता येणार नाही, बांधणी झाली. ओं. आज एवढंच म्हणाला, सरांना तू सांगणार की मी? रागच आला त्याचा. त्याचं बरोबर असतं तेव्हा जास्त येतो.
डॉक्टरांचं रील गेलं एकदाचं. लोकांना आवडतंय. पुढे काय लिहिणार होते...

३० जाने., शुक्र.
सरांकडे गेले. नितीनभाऊ क्लासवर होते. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, पेठला गेल्याचं, हजेरीपटाचंही.  मला वाटलं, सर आता बाहेर काढतील.
“वामननं हे लिहिलेलं नाही, ते पहिल्या ओळीलाच कळलं होतं. चूक त्याची नव्हतीच, तो कशाला लिहील? तरी चारदा वाचलं मी.”
मग म्हणाले, तुम्ही लोक पुस्तकाला शुद्धिपत्र लावता ना? लाल पेन घेतलं. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं.
‘पान ४७. हा लेख वामन भोये यांचा नाही. चूक माझी होती. त्याला मीच पाठवले आणि मीच गैरहजर लिहिले. आत्माराम देवरे.’
पाचशेच्या पाचशे प्रतींत हे गेलं पाहिजे म्हणाले. मी जिन्यात बसून रडले. लाज आणि सुटका, दोन्ही एकदम.

३ फेब्रु., मंगळ.
नितीनभाऊंना कळलं. सत्कार आहे की चौकशी, असं विचारलं. पाव्हण्यांसमोर बाबांचं हसं करायचं नाही, चिठ्ठी लागली तर क्लासेसचं काम विसरा. त्यांनाही काय बोलणार? तीन महिने बापाच्या सत्कारासाठी धावतायत. बापाबद्दलचं हे त्यांना आजच कळलं, तेही माझ्यामुळे.
ओं.ला विचारलं, क्लासेस गेले तर जमेल का आपल्याला? अवघड आहे म्हणाला. आणि गोंद किती आणू, तेही विचारलं.

७ फेब्रु., शनि.
सकाळपासून चिकटवतोय. शुद्धिपत्राची दोन बोटं रुंद छापील पट्टी, पान ४७ च्या समोर. दुपारी चारला पाचशे पुऱ्या.
पाचला नितीनभाऊ खोकी न्यायला आले. लपवलं नाही, एक प्रत उघडून दाखवली. वाचलं. अक्षर छापील होतं तरी त्यावरून बोट फिरवलं. खोकी गाडीत टाकली. पट्ट्या काढणार का, विचारलं. उद्या हॉलवर बघू म्हणाले.
एक प्रत मी आधीच पर्समध्ये ठेवली होती.
भोये सरांच्या नातीला फोन लागला. आजोबा येतील का? “काय सांगत नायत. पण शर्टाला इस्त्री केली.”

८ फेब्रु., रविवार, स्टँडवर
आले. भोये सरांना गाडी पाठवते म्हटलं होतं, नको म्हणाले, एसटीनेच आले. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. मी प्रत दिली, पान ४७ उघडून. पट्टी वाचली.
“हे कुणी लिहिलं?”
सरांनी, म्हटलं.
माझ्याकडे नीट बघितलं. “अक्षर दाखव.”
बरोबरच आहे. माझ्यावर का विश्वास ठेवावा? सरांचा तो लाल पेनाचा कागद जवळ होता म्हणून निभावलं. तो घेऊन ते बाकावर बसले. पिशवी मांडीवर, कागद पिशवीवर.
कार्यक्रम अकराला. आता दहा पस्तीस. हॉल इथून पंधरा मिनिटांवर आहे. मगाशी निघू या का विचारलं तर म्हणाले, थांब जरा. समोर पेठची गाडी लागलीय, तिच्याकडेही बघतायत.
नितीनभाऊंचे तीन मिस्ड कॉल. सरांचा एकही नाही.
भोये सरांनी कागदाची घडी घातली. परत उघडली.