पाच ते सात

प्रिय चिमटी,

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. शिरोरेघ उताराला लागलीय आणि ओळीओळीवर शाई फराटलीय, हे मलाही दिसतंय. पेन नवं आहे, टेबलाचा एक पाय आखूड आहे आणि खिडकीतून वारा येतोय. लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणाऱ्या बाईने असं लिहावं म्हणजे शिंप्याच्या अंगावर फाटका सदरा. शेजारणीने तुला फोनवर सांगितलं की ताई बरी आहे, थोडंसं लागलंय. ती खोटं बोलली नाही, पण पूर्णही बोलली नाही. तिला मीच तसं पढवलं होतं.

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं आणि चारही वेळा तुला एक ठेवून द्यावीशी वाटली. ‘मी तुम्हाला देणगी नाही, मरण पाठवलं’ हे वाक्य नाटकात टाळ्या घेईल, माझ्यापुढे चालणार नाही. तू संस्थेला कळवलंस की पुढचं सगळं थांबवा. आणि मला लिहिलंस की निदान फलकावरचे घरांचे पत्ते तरी खरवडून काढ. दोन्हींचं उत्तर देते, पण माझ्या पद्धतीने. शेवटचं पान आधी उघडायचं नाही. लहानपणी प्रत्येक गोष्टीचं तू तेच करायचीस.

आई गेल्यावर तिच्या नावाने तू वस्त्यांत काम करणाऱ्या त्या संस्थेला देणगी दिलीस, ती कशासाठी, हे आधी मला कळलंच नव्हतं. वस्तीने आपली माणसं आपण निवडावीत, सभा कशी चालवायची, अर्ज कसा करायचा, साहेबाला प्रश्न कसा विचारायचा हे त्यांना कुणी शिकवावं, असं तुझं म्हणणं. मी हसले होते. म्हटलं, इथे नळाला पाणी नाही आणि ही बया खुर्च्या पाठवतेय. पण तुझ्या निळ्या खुर्च्या आल्या, पत्र्याची शेड उभी राहिली आणि दर रविवारी लोक येऊन बसू लागले. आधी सावलीला, मग भांडायला, मग मत द्यायला. पाच जण निवडून आले. पहिल्या सुईणबाई, दुसरे मास्तर, आणि उरलेले तिघे वयाने लहान. तुझी अट एकच होती. निवडलेल्यांचं नाव, घर क्रमांक आणि घरी भेटण्याची वेळ शेडवर सगळ्यांना दिसेल अशी लावायची. लोकांचं माणूस लोकांना सापडलं पाहिजे. फलक मीच रंगवला, पिवळ्यावर काळी अक्षरं, संध्याकाळी पाच ते सात. आणि आमच्या धंद्यातली खोड, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव आणि दुकानाचा पत्ता. बाबा म्हणायचे, काम चांगलं झालं तर सही करावी. मला तो फलक फार आवडला होता गं.

वस्तीला पाणी विकणाऱ्या टँकरवाल्याने वर्षभर दुर्लक्ष केलं. खुर्च्यांवर बसून काय पाऊस पाडणार, असं म्हणायचा. मग पाचांनी नगरपालिकेत जाऊन पाइपलाइनचा अर्ज दिला, प्रश्न विचारले, पुन्हा गेले, आणि चौथ्या खेपेला साहेबाने सर्व्हेची तारीख दिली. पाइप आला की टँकर कोण बोलावणार? त्या आठवड्यात त्याने चार दिवस पाणी बंद केलं. लोक गप्प बसले नाहीत. पाचव्या दिवशी माणसं आली.

मी शेडसमोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत शिडीवर होते. सात जण होते, तोंडाला फडकी बांधलेली, हातात लोखंडी गज. भर उजेडात आले. बहुतेक जण बाहेरगावचे असणार, कारण ते सरळ फलकासमोर जाऊन उभे राहिले. एकाने गजाचं टोक पहिल्या ओळीवर ठेवलं आणि मोठ्याने वाचलं. नाव, घर क्रमांक, पाच ते सात. दुसऱ्याने घड्याळ बघितलं. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. मी रंगवलेली अक्षरं दुरूनही वाचता येतात, याचा मला किती अभिमान होता, तुला ठाऊक आहे.

सुईणबाई शेडलागतच्या आपल्या ओट्यावरच बसल्या होत्या. पुढे आलेल्याने फडकं बांधलं होतं, पण चालीवरून त्यांनी ओळखलं. तो आपल्याच गल्लीतला, टँकरचा ड्रायव्हर. रडतानाही हसल्यासारखा दिसतो म्हणून सगळे त्याला हसऱ्या म्हणतात. सुईणबाई त्याला म्हणाल्या, तू पायाळू जन्मलास, दीड तास तुझी आई ओरडत होती, याच हातांनी ओढला मी तुला. त्याने गज दोन्ही हातांनी वर नेला आणि त्यांच्या मांडीवर घातला. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापलीकडे आला. मी शिडीवर होते, चिमटी. माझ्या हातात ब्रश होता आणि मी ओरडलेसुद्धा नाही.

मग दुसरी ओळ. मास्तरांनी दार स्वतः उघडलं, हे त्यांच्या सुनेने नंतर सांगितलं. इतकी माणसं बघून त्यांना वाटलं, पाण्याची तक्रार घेऊन आलेत. या, बसा, म्हणाले, आणि भेटायला येणाऱ्यांसाठी शेडमधून आणलेली तुझी निळी खुर्ची पुढे केली. तक्रार कुणाची आधी लिहू, असंही विचारलं. त्या सात जणांनी त्याच खुर्चीने मास्तरांना मारायला सुरुवात केली. खुर्ची तुटल्यावर गजाने. म्हातारं शरीर, किती वेळ टिकणार? तरी मारणारे थांबले नाहीत. सुनेने अंगावर पडून आडवं व्हायला बघितलं, तिला केसाला धरून भिंतीवर आपटलं. मास्तर उंबऱ्यावरच गेले. डोकं ओळखू येत नव्हतं. उरलेले तिघे ओरडा ऐकून मागच्या गल्लीने पळाले म्हणून वाचले. त्यांना मी नावं ठेवत नाही. पाय मलाही होते, पण ते शिडीला चिकटले होते.

आता थोडं जुनं आठव. बाबांनी मला ब्रश धरायला शिकवलं तेव्हा मी डावखुरी होते. डाव्या हाताने रंगवणारा आपलंच ओलं अक्षर पुसत जातो, म्हणून त्यांना तो हात नको होता. आधी चापट्या मारल्या, मग ब्रशच्या दांड्याने बोटांवर मारलं, आणि तरी जमेना तेव्हा रोज दुपारी डावा हात खुर्चीच्या पाठीला फडक्याने बांधून ठेवायचे. मनगटावर वळ उठायचे. आई तोंड फिरवून काम करत राहायची. तू पाच वर्षांची. बाबा दुकानात गेले की खुर्चीमागे रांगत यायचीस आणि त्या इवल्या नखांनी गाठ सोडायचीस. पावलं वाजली की परत बांधायचीस, पण सैल. त्यावरून तुझं नाव चिमटी पडलं. बाबांना वाटलं, तू मला चिमटे काढतेस म्हणून. दोन वर्षांत माझा उजवा हात तयार झाला आणि त्याने मला चाळीस वर्षं जेवू घातलं. डाव्याने मी फक्त रंगाचा डबा धरला.

त्या सात जणांचं वाचून अजून संपलं नव्हतं. मास्तरांच्या दारातून ते परत फलकापाशी आले आणि हसऱ्याचा गज खालच्या कोपऱ्यावर थांबला. तुझ्या पत्त्यांनी त्यांना दोन घरं दाखवली, माझ्याकडे त्यांना माझ्या सहीने आणलं. तेव्हा दोष वाटूनच घ्यायचा असेल तर मलाही रांगेत उभी कर. मी तोवर शिडीवरून उतरून माझ्या दुकानात शिरले होते आणि आतून कडी लावत होते. कडी कधीच नीट बसत नाही. हसऱ्याने दार ढकललं आणि विचारलं, कुठल्या हाताने लिहितेस? मला खोटं सुचलंच नाही. मुकाट्याने उजवा हात पुढे केला, शाळेत छडी खायला करायचो तसा. दोघांनी तो उंबऱ्यावर दाबून धरला आणि हसऱ्याने भरलेला रंगाचा डबा त्यावर आपटला. तीनदा. पहिल्या वेळी दुखलं. नंतर मी फक्त बघत होते की आता ही बोटं कुणाची.

आणि मग जे झालं ते शेजारणीलाही माहीत नाही. डावा हात मोकळा होता. खाली थिनरची उघडी बाटली होती. ती मी हसऱ्याच्या डोळ्यांत रिकामी केली. तो किंचाळत खाली बसला, तशी जुना रंग खरवडायची लोखंडी पट्टी उचलली आणि त्याच्या तोंडावर मारत राहिले. गालावर, कानावर, जिथे लागेल तिथे. बाकीचे पळाले तरी मी थांबले नाही. औषधवाल्याने मागून धरलं तेव्हा थांबले. त्याचा एक डोळा गेला. तो याच हॉस्पिटलात, याच मजल्यावर पलीकडच्या टोकाला आहे, दाराशी पोलीस बसलाय, आणि त्याची आई रोज माझ्या दारावरून मान खाली घालून जाते. चिमटी, मारताना मला बरं वाटत होतं. लाज आता वाटते, तीही त्याच्या आईला बघितलं की. पोलिसांना सगळं खरं सांगितलंय. पुढे काय व्हायचं ते होईल.

तर हे घे, एवढ्यात ओळखलं असशीलच. टेबलाचे चारही पाय सारखे आहेत आणि पेनही जुनंच आहे. उजव्या हाताची दोन बोटं कापली, उरलेली वळत नाहीत.

पत्त्यांचं म्हणशील, तर मी त्यावर खूप विचार केला. पूर्वी पाण्यासाठी रडायचं तर टँकरवाल्याच्या फाटकाशी उभं राहावं लागायचं आणि तो तासभर ताटकळवायचा. फलक लागल्यावर बायका पाच वाजता मास्तरांकडे जायच्या, खुर्चीवर बसायच्या, चढ्या आवाजात बोलायच्या. निवडलेलं माणूस लपून बसलं की लोक परत त्याच फाटकावर जाणार. म्हणून पत्ते राहतील.

आता, हे पत्र कशासाठी, ते. येत्या रविवारी पाचांची यादी पुन्हा सभेपुढे जायची आहे. त्याआधी ती तीन दिवस फलकावर दिसली पाहिजे, हा नगरपालिकेचा नियम. नाहीतर समिती रद्द, सर्व्हे रद्द, आणि टँकरवाल्याचं फावलं. जुना फलक टँकरवाल्याच्या माणसांनी त्याच रात्री जाळला. गावातल्या तिन्ही रंगाऱ्यांना विचारलं. एकाला ताप आला, दुसऱ्याच्या सासूला आला, तिसऱ्याने सरळ हात जोडले. छापखान्याचं मशीनही नेमकं बिघडलं. म्हणून अकरा दिवस मी तुला हे पत्र लिहितेय, रोज थोडं थोडं, डाव्या हाताने. खुशाली कळवायला फोन होता. मला सराव हवा होता, आणि या हाताचं वाकडं अक्षर बघून कधीही न हसलेलं माणूस जगात तू एकच. पहिलं पान आणि हे पान शेजारी ठेवून बघ. शिरोरेघ सरळ येतेय ना? उद्या डिस्चार्ज आहे, गुरुवारी सकाळी भर चौकात शिडी लावणार. पहिलं नाव सुईणबाईंचं, त्या कुबड्या घेऊन येणार म्हणतात. मास्तरांच्या जागी, सगळ्यांच्या आग्रहाने, माझं. घर क्रमांकासकट. वेळ तीच, पाच ते सात. मला भीती वाटतेय, खूप वाटतेय, पण हात थरथरत नाही. संस्थेला आजच्या आज कळव की काही थांबवायचं नाही. गाठ तू सोडली होतीस, आता बाबांसारखी बांधायला येऊ नकोस.

तुझीच,
डावखुरी ताई