सावल्या बंद करून चढलेला घाट

बेहाला, कोलकाता
४ ऑगस्ट २०२४

ती. विनायकदादास,
कालिंदीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनावर घेत नाहीस, म्हणून सरळ कागद ओढला.

प्रेमलतावहिनीने सगळं कळवलं आहे. कानांपायी तुझं लायसन्स पुन्हा मिळालं नाही आणि शाळेची बस चालवायचं कामही सुटलं, तेव्हापासून तू डेपोकडे फिरकला नाहीस. दिवसभर ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसतोस. चौतीस वर्षं एसटी घेऊन कुंभार्लीचा घाट चढणारा माझा भाऊ असा बसलेला मला डोळ्यांसमोर आणवत नाही.

म्हणून आम्ही आजी-नातीने एक बेत केला होता. कॉम्प्युटरवर बस चालवायचा खेळ असतो. गिअर, ब्रेक, वळणं, घाट सगळं असतं. आभा म्हणाली की इंटरनेटवरून दोघं एकाच रस्त्यावर गाड्या चालवू शकतात, तू कराडहून आणि मी इथून. तुझा अजेय म्हणाला, आभाच्या साध्या कॉम्प्युटरवर तो खेळ नीट चालला तर तसाच एक दादांना घेतो. मी मात्र आधी चांदनीच्या बाजारात जाऊन विचारलं. दुकानदाराने माशीमा माशीमा, म्हणजे मावशी मावशी, करत सांगितलं की खेळायचं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच, आणि ते जवळजवळ कॉम्प्युटरच्याच किमतीला पडतं. आभाच्या कॉम्प्युटरला वेगळं कार्ड नाही, चित्र काढायचं काम मुख्य चिपच करते. तिला तेवढ्यावर भागेल असं वाटत होतं.

पण दुकानदाराचंच खरं निघालं. दहा मिनिटं गाडी झकास जाते, मग धक्के खात थांबत थांबत चालते. बंद करून थोड्या वेळाने लावली की परत दहा मिनिटं. आभाने तोंड पाडलं आहे. एवढा खर्च तू करू देणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तेव्हा बेत बारगळला असं समज. निदान डेपोपर्यंत पाय मोकळे करून येत जा. वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
कालिंदी


कराड
१५ ऑगस्ट २०२४

चि. कालिंदीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. भिंतीकडे तोंड करून मी बसत नाही, त्या बाजूला वारा असतो. खेळण्यातली बस चालवायची हौस मला नाही. तुमच्या बायकांच्या पत्रव्यवहारात माझी सगळी अब्रू गेलेली दिसते.

मात्र एक गोष्ट मला पटली नाही. दहा मिनिटं झकास, मग धापा, विश्रांती दिली की परत झकास, हे कमजोर इंजिनाचं लक्षण नव्हे. कमजोर इंजिन पहिल्याच चढाला रडतं. तुमची गाडी तापते आहे.

थंडीत पहाटेच्या गाडीला आम्ही रेडिएटरपुढे पोतं बांधायचो. एकदा ऊन वर आलं तरी ते सोडायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही आणि घाटमाथ्यावर वाफेचा ढग निघाला. चाळीस प्रवासी माझ्याकडे बघत होते. तेव्हा त्या यंत्राला हवा कुठून लागते ते आधी बघा, मग दुकानदाराचं ऐका. तोवर कार्ड-बिर्ड काही घेऊ नका.

काय निघालं ते कळव, म्हणजे जिवाला घोर राहणार नाही. आभाला आशीर्वाद. आहे तो लोभ वाढवावा.

तुझा,
दादा


बेहाला, कोलकाता
२७ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आता पोतं कुणी बांधलं होतं ते सांगते. मीच.

इथली दमट हवा तुला माहीत नाही. चामड्याचा पट्टा चार दिवस कपाटात राहिला तर त्याला बुरशी येते. म्हणून जुना रेनकोट कापून मी त्या कॉम्प्युटरच्या डब्याला छान बेतून कव्हर शिवलं होतं, मागे नाडी बांधून. डबा टेबलाखाली, बघायचा तो पडदा वर, मग कव्हर कशाला काढायचं असा माझा हिशोब. आभाने तुझं पत्र दोनदा वाचलं, टेबलाखाली शिरली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. हसत होती.

कव्हर काढलं. आता गाडी दीड तास एका दमात चालते, वेगळ्या कार्डाशिवाय. आभाने चित्रातला बारकावा थोडा कमी केला, सावल्या आणि पाण्यातली प्रतिबिंबं बंद केली. झाडं जरा पुठ्ठ्याची वाटतात, पण वळण वळणासारखं दिसतं आणि ब्रेक वेळेवर लागतो. ती म्हणते, नव्या मोठ्या मारामारीच्या खेळांना हे पुरायचं नाही, आपल्यासारख्यांना मजेत खेळायला पुष्कळ झालं. आभाच्या बाबाने, शंतनूनेही काल ऑफिसातून येऊन एक फेरी मारली.

मी आतापर्यंत तीनदा दरीत गेले. लहानपणी गाडी शिकव म्हटलं तर तू पोट धरून हसला होतास, ते मी विसरलेली नाही. अजेय दसऱ्याला तसंच यंत्र घेऊन येतो आहे. तुला हौस नाही हे मी त्याला कळवलेलं नाही. दादा, तुझी आठवण फार येते. माझ्यावर रागावू नकोस आणि ममता असू दे.

तुझी,
कालिंदी


कराड
४ नोव्हेंबर २०२४

चि. कालिंदीस,
अनेक आशीर्वाद.

दसऱ्याला यंत्राची पूजा केली. झेंडूची माळ पडद्याला घातली, पंख्याच्या जाळीला नाही. पोतं दोघांनी बांधायला नको.

त्या खेळातले घाट परक्या मुलखातले आहेत, गावांची नावं मला वाचता येत नाहीत. पण उतार तो उतारच. पहिल्या दिवशी प्रेमलता म्हणाली की टेबलाखाली माझा डावा पाय सारखा क्लच दाबतो आहे. तिथे क्लच नव्हता. लिहायला संकोच वाटतो, पण मला रडू आलं. माझं सगळं संपलं असं मी धरून चाललो होतो.

गेल्या गुरुवारी डेपोत जाऊन आलो. तुझ्या रेनकोटाची हकीकत सांगितली, चहाचे पैसे कुणी देऊ दिले नाहीत. दर गुरुवारी यायचं असं ठरलं आहे.

आता आपल्या रविवारच्या फेऱ्यांबद्दल. हॉर्न मला ऐकू येत नाही म्हणून तू मागून दिवे मारतेस, ते बरोबर करतेस. पण काल माथ्याजवळ मी तुला साइड दिली होती. गाडी कडेला घेतली, वेग उतरवला, तरी तू मागेच राहिलीस. तुला वाटलं असेल माझं यंत्र तापलं. तापलं नव्हतं. चौतीस वर्षांत घाटात मी कुणाला सुखासुखी पुढे जाऊ दिलं नाही, म्हणून तुला ते ओळखू आलं नसेल.

तुझा हात आता बसला आहे. तेव्हा शिकवायला हवं होतं, माझं चुकलं. येत्या रविवारी माथ्यावरून तू पुढे हो. ज्या गिअरने चढलीस त्याच गिअरने उतर, घाई करू नकोस. तुझ्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून मी सावकाश येतो.

आभाला आशीर्वाद. असाच जीव लावत राहा.

तुझा,
दादा