शहाण्या नातीच्या किडक्या दाढा

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? तुझ्या यजमानांचा खोकला आणि हट्ट, दोन्ही उतरणीला लागले असतील, असं धरून चालते.

मी संतापले आहे, पण आनंदानं. तेवढं ध्यानात ठेवून पुढे वाच. गेले काही महिने आमची चिमणी (वय चार, आवाज चाळीस जणींचा) एकाएकी गुणी झाली होती. छोटे घास घ्यायची, तोंड मिटून हळूहळू चावायची, हसू आलं की ओठांवर हात. मला वाटलं, कॉन्व्हेंटात मदरनी छडीच्या धाकानं आपल्यात भिनवलेले टेबल मॅनर्स मुलाला चुकवून थेट नातीत उगवले. शेजारणींना बोलावून मी ते दाखवलेसुद्धा. (सून म्हणत होती, "आई, ही रात्री कण्हते, वजनही वाढत नाही." मी म्हटलं, "वळण लागताना थोडं वाळायचंच.")

मग बालवाडीच्या बाईंनी बोलावून घेतलं. कार्टी कुणाशी खेळत नाही, गाल धरून कोपऱ्यात बसते, म्हणाल्या. दातांच्या डॉक्टरबाईंनी तिच्या तोंडात दिवा धरला आणि मदर बघायच्या तसं माझ्याकडे बघितलं. मागच्या दाढा किडून पोखरलेल्या. ते वळण नव्हतं गं, ठणका होता. आमच्या चिरंजीवांनी तिथंही अक्कल पाजळली, "दुधाचेच दात, पडणारच आहेत." डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचे केसही पडतायत, तरी विंचरताच ना?" ती बाई मला तिथंच आवडली.

चिमणी खुर्चीत राणीसारखी बसली. दाढा भरल्या, एक काढली. आता ती तोंडात घास असताना बोलते, बोलताना हसते आणि हसताना अर्धा घास माझ्या चष्म्यावर शिंपडते. रात्रभर गाढ झोपते, पहाटे आम्हाला उठवते. काल दोनदा वाढून घेतलं आणि भला थोरला ढेकर दिला. मदरना घेरी आली असती. मी टाळ्या वाजवल्या.

तुझी,
ताई

ता. क. : कामाचं राहिलंच. गुरुवारी ये. डॉक्टरबाईंनी जाता जाता माझंही तोंड उघडायला लावलं. खालची दाढ काढायची म्हणतात. चिमणी म्हणते, "आजी, मी हात धरते." पण तिच्यासमोर रडणं मला शोभणार नाही. हात तू धर.

पुन्हा ता. क. : गेलं वर्षभर मीही छोटेच घास घेते आहे. ते मदरच्या शिकवणीमुळे, असं घरात सगळे समजतात. समजू देत.